प्लेगचे क्रूस

अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात शिरायचं तर फाटकावर पास लागतो. आत दागिन्यांचे कारखाने, सॉफ्टवेअरच्या कंपन्या, मालाचे ट्रक, आणि या सगळ्यांच्या आड, झाडीत, एका चर्चच्या उघड्या भिंती. छप्पर केव्हाच गेलं. कमानींवरून झाडांची मुळं खाली उतरली आहेत. जिथे माणसं गुडघे टेकायची तिथे पावसाळ्यात गवत माजतं. हे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी ते १५७९ मध्ये बांधलं. सीप्झ आलं १९७३ साली. तोवर चर्च रिकामं पडून एकशे तेहेतीस वर्षं झाली होती.

१८४० मध्ये चर्चभोवतीच्या गावात साथ आली आणि लोकांनी गाव सोडलं. व्हिकर होते जोझे लोरेन्सो पाइश. त्यांनी धर्मग्राम मरोळला हलवला. जाताना लोकांनी वेद्या नेल्या, संतांच्या मूर्ती नेल्या, खांब नेले आणि बाप्तिस्म्याचं दगडी कुंडही नेलं. ते कुंड उचलायला किती हात लागले असतील, बैलगाडीत कसं चढवलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आजारानं पोळलेली माणसं, अंगात त्राण नाही, आणि तरी दगड वाहून नेताहेत, कारण मरोळला जन्मणाऱ्या पोरांच्या डोक्यावर त्याच कुंडातलं पाणी पडायला हवं होतं. दफनभूमी मात्र नेता येत नव्हती. ती तिथेच राहिली.

साष्टी म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचं हे बेट. (गोव्यातही एक साष्टी आहे, ती वेगळी.) १५३४ मध्ये ती पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी. राज्यं बदलली तरी भाताची खाचरं, खाड्या आणि मराठी बोलणारी ख्रिस्ती गावठाणं तिथेच राहिली. या माणसांना आजारपणाविषयी काय शिकवलं गेलं होतं आणि त्यांनी त्याचं काय केलं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

शिकवण अशी होती. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेनं वैद्यांना नियमच घालून दिला होता की रोग्याकडे बोलावणं आलं तर आधी त्याला पाद्र्याला बोलवायला सांगावं. शरीराचं दुखणं कधी कधी पापातून येतं, मूळ गेलं तर दुखणंही जाईल, असं त्यामागचं म्हणणं. म्हणून आधी पापनिवेदन (गोवेकर त्याला कुमसार म्हणतात), मग औषध. आणि औषध हरलं की शेवटचं तेल.

त्या तेलाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. ऑलिव्हचं तेल, पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी बिशपनं आशीर्वादित केलेलं. पाद्री अंगठा तेलात बुडवून आधी रोग्याच्या मिटल्या पापण्यांवर क्रूसाची खूण करायचा, मग कानांवर, नाकपुड्यांवर, ओठांवर, हातांवर, शेवटी पावलांवर. प्रत्येक ठिकाणी एक छोटी प्रार्थना: या डोळ्यांनी जे पाप केलं त्याची क्षमा होवो, या कानांनी ऐकून जे केलं त्याची क्षमा होवो, या पावलांनी जिथे जायला नको होतं तिथे गेलास त्याची क्षमा होवो. खाटेवर पडलेल्या शेतकऱ्याच्या भेगाळलेल्या टाचांना तेल लागायचं आणि घरातली माणसं समजायची की आता काही खरं नाही. तेल म्हणजे मरण, असा अर्थ रूढ झाला. म्हणूनच पाद्र्याला बोलवायला घरचे शेवटच्या घटकेपर्यंत टाळाटाळ करायचे.

आजार पापातून येतो का, या प्रश्नावर शुभवर्तमानात दोन कथा आहेत. कफर्णहूमच्या घरात गर्दीमुळे शिरता येईना म्हणून चौघांनी छप्पर उघडून एका पक्षाघाती माणसाला खाली सोडलं. येशूनं त्याला आधी पापक्षमा दिली आणि त्यानंतर उठून चालायला सांगितलं. दुसरी कथा जन्मांध माणसाची. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. माझ्या मते कित्येक शतकं धर्मशिक्षकांनी पहिल्या कथेवर भर दिला आणि दुसरी बाजूला ठेवली. त्याचा भार आजारी माणसानं सोसला. ताप अंगात होताच, वर आपण काहीतरी केलं असणार ही टोचणीही होती.

गावकऱ्यांनी या शिकवणीबरोबर आपलंही जपलं. मूल किरकिरलं की मीठ आणि लाल मिरच्या ओवाळून दृष्ट काढायची, ख्रिस्ती घरातही. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं मराठी पद्यपुराण गायचं. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचं हे पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापलं होतं आणि उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांत ते पिढ्यानपिढ्या टिकलं. त्यामुळे साष्टीच्या माणसाला सगळ्यात जवळचा वाटला तो मार खाणारा, तहानलेला, खिळलेला ख्रिस्त. ही गोष्ट पुढे दगडावर उमटलेली दिसते.

१८९६ चा सप्टेंबर. मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका रोग्याला तपासलं आणि हा गाठीचा प्लेग असल्याचं सांगितलं. व्हिएगस गोव्यातल्या हडफड्याचे, स्वतः कॅथलिक. त्यांचा पुतळा आजही मेट्रो सिनेमासमोर आहे. मराठी वर्तमानपत्रं या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणत. जांघेत किंवा काखेत गाठ, चढता ताप, आणि दोन-चार दिवसांत माणूस संपायचा. १८९१ च्या जनगणनेत मुंबई ८,२१,७६४ माणसांची होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेतीन लाखांहून जास्त लोक शहर सोडून गेले होते. १९०१ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा ७,७६,००६ भरला.

पळणाऱ्यांना पहिली जवळची जागा म्हणजे साष्टी. रेल्वेनं वांद्रे, अंधेरी, कुर्ला गाठता यायचं. माणसांबरोबर बोचकी आली, धान्याची पोती आली, पोत्यांतून उंदीर आणि पिसवा आल्या. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये, कराचीत. १८९६ च्या हिवाळ्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात उंदीर मरून पडले की मागोमाग माणसं मरतात, एवढंच लोकांनी पाहिलं होतं.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली. घरझडत्या, भिंतींना चुना, कौलं काढून घरात ऊन पाडणं, रोगी उचलून दवाखान्यात आणि घरचे उचलून सेग्रिगेशनच्या झोपड्यांत. पुण्यात याच रागातून २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सर्वांना माहीत आहे. साष्टीतल्या ख्रिस्ती घरांत मात्र या सक्तीला आणखी एक भीती चिकटली होती. रोग्याला घरातून नेलं, भेटायला बंदी घातली, आणि तो पापनिवेदन न करता, तेल न लागता गेला तर? शरीर गेलं हे दुःख होतंच. आत्म्याचं काय झालं, हा प्रश्न मागे राहिलेल्या आईला रात्री झोपू देत नसणार. आज तो प्रश्न आपल्याला परका वाटतो. त्या काळी तो भाकरीइतका खरा होता.

त्या दिवसांतले क्रूस वांद्र्याच्या गल्ल्यांत आजही उभे आहेत. रनवार, चिंबई, पाली, शेर्ली या जुन्या गावठाणांतून फिरताना वळणावर, विहिरीपाशी, घराच्या ओट्यालगत एखादा क्रूस भेटतो. काही साथीच्या आधीचे आहेत, काही मोडलेल्या जुन्या चर्चमधून आलेले. पण १८९६ पासून पुढच्या दहाएक वर्षांत ते फार मोठ्या संख्येनं उभे राहिले. कुणी कुटुंबानं बांधला, कुणी साऱ्या आळीनं वर्गणी काढून. कुणी साथ येऊ नये म्हणून, कुणी आपला माणूस वाचला म्हणून, आणि कुणी गेलेल्याच्या नावानं. लोक त्यांना सरळ प्लेगचे क्रूस म्हणतात.

साष्टीतला जुन्या घडणीचा एखादा दगडी क्रूस जवळ जाऊन पाहावा. खाली पायऱ्यांचा चौथरा. त्यात दिव्यासाठी कोनाडा, तेलाच्या काजळीनं आतून काळा झालेला. वर दगडी खांब, आणि त्याच्या अंगावर कोरलेल्या बारीकसारीक वस्तू: एक शिडी, हातोडा, पक्कड, तीन खिळे, भाला, चाबूक, सोंगट्यांसारखे फासे, एक कोंबडा. ज्यांनी येशूला खिळलं, ज्यांनी त्याच्या कपड्यांवर फासे टाकले, आणि ज्या कोंबड्यानं आरवून पेत्राला त्याच्या नाकारण्याची आठवण दिली, त्या साऱ्यांच्या खुणा. चुन्याचे हात बसून बसून कोंबडा पार गुळगुळीत होतो, बोटानं चाचपल्यावरच त्याचा तुरा कळतो. रोग बरा करणाऱ्या येशूचं चित्र यात कुठेच नाही. पुराणात वर्षानुवर्षं जो दुःख सोसणारा ख्रिस्त गायला, तोच लोकांना साथीच्या दिवसांत नाक्यावर हवा होता. आपल्या घरात जे चाललं आहे ते त्याला माहीत आहे, असं त्यांना वाटत होतं, अशी माझी समजूत आहे. शिवाय कोंबडा तिथे आहेच. पेत्र तीनदा खोटं बोलला, रडला, आणि त्याला क्षमा मिळाली.

क्रूसाच्या सोबतीला दोन संत होते. सेंट रॉक हा चौदाव्या शतकातला फ्रान्सच्या माँपेलियेचा यात्रेकरू. इटलीत प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यालाच गाठ आली, तो रानात जाऊन पडला, आणि एक कुत्रा रोज त्याला भाकरी आणून देई, अशी त्याची कथा. चित्रात तो नेहमी मांडीवरची गाठ दाखवत उभा असतो. दुसरा सेंट सेबास्टियन, बाणांनी विंधलेला, कारण प्लेग म्हणजे आकाशातून येणारे बाण असं जुने लोक मानत. वांद्र्यात दोघांच्याही नावाचे रस्ते आहेत. रोज तिथून रिक्षा धावतात आणि फार थोड्यांच्या लक्षात येतं की ही नावं एका भीतीच्या काळाशी जोडलेली आहेत.

संध्याकाळी आळीतली माणसं क्रूसापाशी जमत. जपमाळ, लितानी, शेवटी एखादं गाणं. मे महिन्यात अजूनही अनेक गावठाणांत ही प्रार्थना होते आणि संपल्यावर उकडलेले चणे वाटतात, वर खोबऱ्याचा कीस. लहानपणी या चण्यांसाठीच आपण जपमाळेला बसायचो असं सांगणारे आजोबा मी अनेक ऐकले आहेत. एकत्र जमणं साथीत धोक्याचं होतं, हे आज आपल्याला कळतं. पण मोकळ्या हवेत उभं राहून प्रार्थना करणं कोंदट खोलीत दार लावून बसण्यापेक्षा बरंच होतं.

या क्रूसांनी औषधाला अडवलं का? व्हिएगस यांच्याकडे पाहा, ते मिस्साही ऐकत होते आणि गाठीही तपासत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. पुढे महिनाअखेर ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना दिली गेली. लसीला घाबरणारे साऱ्याच जातीधर्मांत होते, आणि टोचून घेणारेही. साष्टीच्या माणसानं दंडाला टोचून घेतलं आणि परतताना क्रूसापाशी दिवाही लावला. यात त्याला काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही.

साथ चालू असतानाच वांद्र्याच्या टेकडीवर नवं माउंट मेरी उभं राहिलं. शापूरजी चंदाभॉय यांच्या आराखड्याचं हे चर्च १९०४ मध्ये पूर्ण झालं. कोळी आणि आगरी बायका तिथल्या मेरीला मोत माउली म्हणतात. ८ सप्टेंबरच्या आसपास जत्रा भरते, तेव्हा चढावर दोन्ही बाजूंना मेणाची दुकानं लागतात, आणि नुसत्या मेणबत्त्या घ्यायला कुणी येत नाही. मेणाचा हात, मेणाचा पाय, डोकं, डोळे, पोट, पाळण्यातलं बाळ. ज्याचं जे दुखतं ते.

एकदा माझ्यासमोर एका बाईनं मेणाचा गुडघा घेतला होता. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा, पिवळसर, हातात धरला की उष्णतेनं जरा चिकट होणारा. तिनं तो आधी आपल्या सुजलेल्या गुडघ्याला टेकवला, पदरानं पुसला आणि मग वर घेऊन गेली. गळ्यात मंगळसूत्र होतं. इथे तेलाच्या विधीची आठवण होते: डोळे, कान, हात, पावलं. पाद्री त्या त्या अवयवासाठी क्षमा मागायचा. माउलीसमोर तोच अवयव मेणाचा होऊन येतो, पण त्याच्याकडून कुणी कबुली मागत नाही. बाईनं मेणाचा गुडघा ठेवला, हात जोडले, उतरली. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत आजार आणि पाप यांची गाठ सुटायला फार काळ लागला. त्या चढावर ती लोकांनी कधीच सैल केली होती.

अंधेरीत आंबोलीला सेंट ब्लेझचं चर्च आहे. हा चौथ्या शतकातला आर्मेनियाचा बिशप. घशात माशाचा काटा अडकून गुदमरणाऱ्या मुलाला त्यानं वाचवलं, अशी आख्यायिका. ३ फेब्रुवारीला त्याच्या सणाला दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला लावतात आणि आशीर्वाद देतात. खाडीकाठच्या, रोज मासळी खाणाऱ्या गावांना हा संत आपला न वाटला तरच नवल.

मग दवाखाने आले. वांद्र्याला १९४२ मध्ये होली फॅमिली, अंधेरीला महाकाली रस्त्यावर १९६७ मध्ये होली स्पिरिट. धर्मभगिनींनी चालवलेले हे दवाखाने. १८४० च्या साथीत जिथून लोक उठून गेले, तिथून होली स्पिरिट फार लांब नाही.

३० नोव्हेंबर १९७२ ला पोप सहावे पॉल यांनी तेलाचा विधीच बदलला. ‘अखेरचा अभ्यंग’ हे नाव मागे पडून तो ‘रुग्णाभ्यंग’ झाला. आता मरणाच्या दारात असण्याची अट उरली नाही. गंभीर आजारी असलेल्या, शस्त्रक्रियेला निघालेल्या, म्हातारपणानं थकलेल्या माणसालाही तो मिळतो. डोळे, कान, नाक, ओठ, पाय सुटले. राहिलं कपाळ आणि तळहात. ऑलिव्हचं तेल न मिळालं तर दुसरं वनस्पतीचं तेल चालतं. आणि प्रार्थना आता एका श्वासात दोन्ही मागते, पापातून सुटका आणि उठून बसण्याचं बळ. लॅटरन परिषदेपासून या खाटेपर्यंत यायला साडेसातशे वर्षं लागली. होली स्पिरिटच्या वॉर्डात तेल घेऊन आलेल्या फादरकडे पाहून जुन्या पिढीतली एखादी आजी अजूनही दचकते, तिचा दोष नाही.

त्याच १९७२ मध्ये मुंबईत कॅथलिक कॅरिझमॅटिक चळवळ आली. पारशी कुटुंबात जन्मलेले, अमेरिकेत शिकून परतलेले इंजिनिअर मिनू इंजिनिअर यांनी ती आणली. घराघरांत प्रार्थनामंडळं सुरू झाली, डोक्यावर हात ठेवून आजाऱ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना होऊ लागली. तिथे एक नवी गोष्ट लोकांना सांगितली गेली: ज्यानं तुला दुखावलं त्याला तू क्षमा कर, म्हणजे तुझ्या आत जे आखडलं आहे ते सुटेल. आतापर्यंत रोगी क्षमा मागत आला होता, आता त्यानं ती द्यायची होती. वर्षानुवर्षं भावाशी न बोललेली माणसं अशा सभेनंतर त्याच्या दारात जाऊन उभी राहिली, हे मी पाहिलं आहे. ते मोलाचंच होतं. पण त्याच सभांच्या नावाखाली गोळ्या बंद करून घरी बसणारेही मी पाहिले, आणि तिथे माझा जीव तुटतो. इन्सुलिन सोडायला श्रद्धा म्हणू नये. व्हॅटिकननंही १४ सप्टेंबर २००० च्या सूचनापत्रात आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभांना शिस्त लावली, उन्माद आणि नाटकीपणा नको असं बजावलं.

२०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली. २० मार्चला रोमहून आदेश निघाला की कोविडच्या रोग्यांसाठी, त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी पापाच्या दंडातून खास सूट आहे, आणि धर्मगुरू जवळ जाऊ शकत नसेल तर सामुदायिक पापक्षमाही देता येईल. १८९७ च्या झोपडीतल्या आईचा तोच प्रश्न, सव्वाशे वर्षांनी पुन्हा आला होता, आणि या वेळी उत्तर आधीच तयार होतं. एका आठवड्यानं, भर पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात पोप फ्रान्सिस एका जुन्या लाकडी क्रूसासमोर उभे राहिले. तो क्रूस रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेला होता १५२२ च्या प्लेगमध्ये. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरली नाही. मेणाचे हातपाय विकणाऱ्यांची दुकानं लागली नाहीत.

आता रस्ते रुंद होताहेत, गावठाणांच्या जागी टॉवर उठताहेत. काही क्रूस पाडले गेले, काही सोसायटीच्या कंपाउंडमध्ये गेले, काही चौथऱ्यासकट उचलून दहा फूट सरकवले. ज्यांनी ते बांधले त्यांची नावं बहुतेकांवर नाहीत.

सीप्झमधल्या त्या भिंतींमध्ये मात्र वर्षातून एकदा मिस्सा होते. मरोळ आणि आसपासच्या गावठाणांतली जुनी घराणी येतात. फाटकावरून आत जातात, झाडीतून वाट काढतात. वेदीच्या जागी टेबल मांडतात, त्यावर पांढरी चादर. वर आकाश. मिस्सा संपल्यावर काही बायका जपमाळ हातात घेऊन बाजूच्या दफनभूमीकडे वळतात. थडगी ओळखू येत नाहीत, सगळीकडे गवतच आहे. त्या वाकतात, हातानं थोडं गवत बाजूला करतात आणि तिथल्या मातीत मेणबत्ती रोवतात.